पेल्व्हिस (कमरेचं हाड) मोडल्यानंतर लिंगाला ताठरता येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुचाकीवरून पडलेले, बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेले, ट्रॅक्टरखाली किंवा भिंतीखाली सापडलेले पुरुष, आणि निम्म्या वेळा त्यांच्या बायका, मला हे प्रश्न पाठवतात. मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत, फक्त ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. वाचून कुणी स्वतःच गोळी सुरू करू नये. मात्र डॉक्टरांसमोर काय विचारायचं ते इथून जरूर घेऊन जावं.

१. मोडलं कमरेचं हाड. त्याचा ताठरतेशी काय संबंध?

आपण ज्याला ढोबळपणे 'कमरेचं हाड' म्हणतो ते पेल्व्हिस म्हणजे एकच हाड नसून हाडांचं कडं असतं. मागे माकडहाडाच्या वरचा त्रिकोणी भाग, दोन्ही बाजूंना खुब्याची हाडं आणि पुढे, जिथे केस उगवतात त्याच्या मागे, दोन्ही बाजू एका कूर्चेने जोडलेल्या. या कड्याच्या आत मूत्राशय, प्रोस्टेट आणि लघवीची नळी असते. ताठरतेच्या नसा मणक्याच्या शेवटाकडून निघून प्रोस्टेटच्या मागच्या अंगाने, दोन्ही कडांना चिकटून खाली येतात. त्या केसासारख्या बारीक असतात. लिंगाला रक्त पुरवणारी धमनी तर हाडालाच लगटून जाते. कडं तुटून सरकलं की या सगळ्याला ताण, चेप किंवा काप बसू शकतो.

विहिरीवरची मोटर ठाऊक असेल तर हे चटकन समजेल. शेतात पाणी पोचलं नाही तर कारणं तीन. वीज आली नाही, पाइप चेपला, किंवा टोकाचा व्हॉल्व्ह पाणी धरत नाही. लिंगाचंही तसंच असतं. नस म्हणजे वीज, धमनी म्हणजे पाइप आणि रक्त परत नेणाऱ्या शिरांचं मिटणं म्हणजे व्हॉल्व्ह. नसेच्या टोकातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्याने धमन्या सैलावतात, लिंगातल्या दोन लांबट नळकांड्यांत रक्त भरतं आणि त्या भरलेल्या दाबानेच रक्त परत नेणाऱ्या शिरा बंद होतात. पेल्व्हिसच्या मारात बहुधा वीज जाते, काही वेळा पाइप, कधी दोन्ही. पुढच्या सगळ्या उत्तरांत हीच मोटर येणार आहे.

२. पेल्व्हिस मोडलेल्या प्रत्येकालाच हे होतं का?

नाही. हाड मोडलं पण लघवीची नळी शाबूत राहिली, तर बहुतेकांची ताठरता टिकते किंवा काही महिन्यांत परत येते. नळी तुटली असेल तर गोष्ट वेगळी. वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, पण साधारण तिघांत एकापासून तिघांत दोघांपर्यंत लोकांना त्रास होतो. पुढचा सांधा उघडून दोन्ही हाडांत फट पडली असेल तरीही धोका वाढतो. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर 'मूत्रमार्ग इजा' असं काही लिहिलं आहे का, आधी पाहा.

३. आपोआप बरं होईल का? किती वाट पाहायची?

काहींचं होतं. नस नुसती ताणली किंवा चेपली गेली असेल तर ती सावरते, पण सावकाश. तुटलेली नस पुन्हा वाढते तो वेग दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, तोही सगळं जुळून आलं तर. म्हणून अपघातानंतर दीड ते दोन वर्षांपर्यंत सुधारणेला वाव आहे असं आम्ही धरतो.

या उत्तराचा मात्र फार मोठा गैरसमज होतो. 'दोन वर्षं थांबा' हे वाक्य इम्प्लांटसारख्या कायमच्या ऑपरेशनसाठी आहे (प्रश्न १२). गोळी, पंप, इंजेक्शन (प्रश्न ७ ते १०) यांसाठी थांबायचं काही कारण नाही. महिनोन् महिने लिंगात नीट रक्त भरलंच नाही तर आतला लवचीक भाग आखडतो, मग पुढे वीज आली तरी व्हॉल्व्ह धरत नाही. अपघातानंतर दोन वर्षं गप्प बसून 'आता तरी काही करा' म्हणत आलेली माणसं पाहिली की मला चुटपुट लागते. विचारणा लवकर करावी, कायमचं ऑपरेशन उशिरा.

४. पहाटे थोडी ताठरता येते, पण बायकोजवळ गेलं की काहीच नाही. हे मनाचं की शरीराचं?

पहाटेची ताठरता चांगली, टिकणारी असेल तर वीज आणि पाइप दोन्ही बऱ्यापैकी चालू आहेत, आणि अडथळा भीतीचा, दुखण्याचा किंवा काळजीचा असण्याची शक्यता मोठी. 'थोडी' म्हणजे मऊ, क्षणभराची असेल तर शरीराचं कारण आहेच, वर मनाचं चढलं आहे. पेल्व्हिसच्या मारानंतर नुसतं मनाचं किंवा नुसतं शरीराचं असं क्वचितच सापडतं. ज्याने स्वतःला ट्रकच्या चाकाजवळ पाहिलं आहे, जो तीन महिने अंथरुणात लघवीची पिशवी लावून पडला आहे, त्याचं मन काय ठिकाणावर असणार?

आणखी एक बघा. दुखण्यासाठी दिलेली ट्रॅमाडॉलसारखी औषधं आणि नैराश्याच्या काही गोळ्या यांनीही ताठरता आणि इच्छा कमी होते. चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा, पण गोळ्या मनाने बंद करू नका.

५. कुठल्या डॉक्टरकडे जायचं? हाडाच्या डॉक्टरांना विचारायची लाज वाटते.

त्यांनाही विचारायची लाज वाटते, हे गुपित सांगून टाकतो. एक्सरे पाहून 'छान भरलंय' म्हणतात आणि दोघंही सुटकेचा श्वास सोडतात. जायचं मूत्ररोगतज्ज्ञाकडे, म्हणजे यूरॉलॉजिस्टकडे. त्यातही पुरुषांच्या लैंगिक समस्यांवर काम करणारा अँड्रॉलॉजिस्ट मिळाला तर उत्तम. खासगीत परवडत नसेल तर मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत यूरॉलॉजीची ओपीडी असते. मुंबईच्या केईएममध्ये आहे. केसपेपर काढताना खिडकीवर सगळं सांगायची गरज नाही, 'लघवीचा विभाग' एवढं पुरतं.

आत गेल्यावर एकच वाक्य बोला: 'अपघातानंतर ताठरता येत नाही.' 'अशक्तपणा वाटतो' म्हणालात तर टॉनिक घेऊन परत याल.

६. कोणत्या तपासण्या होतात? खूप खर्च येतो का?

सगळ्यात मोलाची तपासणी फुकट असते, ती म्हणजे नीट बोलणं. अपघाताआधी कसं होतं, इच्छा होते का, पहाटेचं काय, स्पर्श कळतो का, वीर्य बाहेर येतं का. मग रक्तातली साखर आणि चरबी, आणि सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक. दुपारी घेतलेला नमुना कमी दाखवतो आणि नाहक औषधं सुरू होतात.

गोळीने भागलं तर पुढे जायची गरज नसते. नाही भागलं तर लिंगाचा डॉप्लर करतात. इंजेक्शन देऊन ताठरता आणायची आणि सोनोग्राफीने धमनीतल्या रक्ताचा वेग मोजायचा. वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या खाली राहिला तर पाइप चेपल्याची शंका घ्यायची. रक्त भरून झाल्यावरही ते ५ सेंटिमीटरहून जास्त वेगाने वाहतच राहिलं तर व्हॉल्व्ह गळतो आहे.

इथे एक धोक्याची सूचना. थंडगार खोली, अनोळखी माणसं, दार उघडंमिटं होतंय, अशा ठिकाणी घाबरलेल्या तरुणाच्या रिपोर्टवर 'व्हीनस लीक', म्हणजे शिरांतून गळती, असं सहज छापून येतं. भीतीत सुटणारं अ‍ॅड्रेनॅलिन व्हॉल्व्ह बंदच होऊ देत नाही. एका डॉप्लरवरून कुणी ऑपरेशन सुचवलं तर शांत खोलीत, पुरेशा डोसने दुसरा करून घ्या.

७. मेडिकलमधून निळी गोळी आणून बघू का?

चिठ्ठीशिवाय नको, आणि मित्राच्या पाकिटातली तर मुळीच नको. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेलं सिल्डेनाफिल आणि त्यानंतर आलेलं टाडालाफिल ही दोन औषधं आपल्याकडे कमी किमतीत मिळतात आणि पेल्व्हिसच्या मारानंतर अनेकांना लागू पडतात. पण ती वीज निर्माण करत नाहीत. नसेतून थोडं तरी नायट्रिक ऑक्साइड सुटत असेल तर त्याचा परिणाम टिकवून धरतात, इतकंच. नस पूर्ण तुटली असेल तर गोळीचा उपयोग नाही, आणि त्यात गोळीचा दोष नाही.

ज्यांनी घेऊच नये ते असे: छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणारे, किंवा नायट्रेट, निकोरॅन्डिल ही हृदयाची औषधं घेणारे. दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. आणि गोळी घेतलेल्या दिवशी छातीत दुखून दवाखान्यात जायची वेळ आली, तर लाज बाजूला ठेवून 'मी ही गोळी घेतली आहे' हे आधी सांगा. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. लघवीसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तेही सांगा, चक्कर येऊ शकते.

डोकं जड होणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, जळजळ हे नेहमीचे त्रास, काही तासांत जातात. टाडालाफिलने कधी पाठ भरून येते.

८. गोळी घेतली, काहीच झालं नाही. म्हणजे संपलं का?

आधी चार गोष्टी तपासा. सिल्डेनाफिल मटण-भाकरीवर घेतलंत का? तेलकट जेवणानंतर ते उशिरा आणि कमी चढतं. रिकाम्या पोटी, तासभर आधी घ्यायचं. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही, त्याचा असर ३६ तासांपर्यंत राहतो. गोळी घेऊन छताकडे बघत पडून राहिलात का? इच्छा आणि स्पर्श लागतोच, गोळी स्वतःहून काही उठवत नाही. डोस पुरेसा होता का? सिल्डेनाफिल २५ पासून १०० मिलिग्रॅमपर्यंत डॉक्टर वाढवतात. आणि कितीदा करून पाहिलंत? एकदाच घेऊन निकाल लावू नये, वेगवेगळ्या दिवशी सहा-आठ वेळा तरी संधी द्यावी.

हे सगळं करूनही नाहीच, तर प्रश्न ९ आणि १० वाचा. आणि दर चार-सहा महिन्यांनी गोळी पुन्हा करून बघा, कारण आज न लागू पडणारी गोळी नस सावरल्यावर लागू पडू शकते. हे फारसं कुणी सांगत नाही.

९. लिंगातच इंजेक्शन घ्यायचं? ऐकूनच अंगावर काटा येतो.

सगळ्यांच्याच येतो. सुई मात्र इन्सुलिनची, बारीक, मुळाजवळ बाजूला टोचायची. डास चावल्यापेक्षा थोडं जास्त. अल्प्रोस्टाडिल, पापाव्हेरिन, फेन्टोलामिन यांपैकी एक किंवा मिश्रण वापरतात. ही औषधं विजेची वाट पाहत नाहीत, थेट आतल्या स्नायूंना सैल करतात. म्हणूनच नस तुटलेल्या पण धमनी ठीक असलेल्या माणसाला हा उपाय गोळीहून सरस ठरतो. दहा-पंधरा मिनिटांत ताठरता येते.

या उपायाचा जन्मच जरा नाट्यमय आहे. १९८३ साली लास व्हेगासला अमेरिकन यूरॉलॉजिस्टांच्या सभेत जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने हॉटेलच्या खोलीत स्वतःला इंजेक्शन टोचून घेतलं, भाषणाला उभा राहिला आणि पुरावा म्हणून विजार खाली केली. सभ्य श्रोत्यांची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. पण मुद्दा सिद्ध झाला.

नियम कडक आहेत. पहिला डोस दवाखान्यातच. नसेची इजा असलेल्यांना औषध फार चढतं, त्यामुळे अगदी कमी डोसापासून सुरुवात. रोज नाही, दोनदा टोचण्यात किमान २४ तासांचं अंतर. ताठरता चार तासांहून जास्त राहिली तर रात्रीचे दोन वाजले असोत की लक्ष्मीपूजन, मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जायचं. सकाळपर्यंत थांबलेल्यांचं आतलं मांस कायमचं निकामी झालेलं मी पाहिलं आहे.

१०. पंपाचा उपयोग होतो का?

होतो. प्लॅस्टिकच्या नळकांड्यातली हवा ओढून लिंगात रक्त खेचायचं आणि मुळाशी रबरी रिंग चढवायची. वीज, पाइप काही नसलं तरी चालतं. लिंग गार लागतं, थोडं निळसर दिसतं, मुळाशी डुलतं आणि रिंगेमुळे वीर्य अडकू शकतं. रिंग ३० मिनिटांत काढायचीच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा. ज्यांना लिंगाला स्पर्श कळत नाही त्यांनी घड्याळ लावून वापरावा, चिमटा बसला तरी कळणार नाही.

११. पोटातून लघवीची नळी आहे. नळी जोडायचं ऑपरेशन आधी करायचं की ताठरतेचं? आणि त्या ऑपरेशनने आणखी बिघडेल का?

आधी लघवीचा रस्ता. तुटलेला मूत्रमार्ग साधारण तीन महिन्यांनी, आतली सूज आणि रक्त मुरल्यावर जोडतात. तोवर पोटातून मूत्राशयात घातलेल्या नळीने लघवी बाहेर काढायची. मूत्रमार्गाच्या अशा पुनर्बांधणीसाठी पुण्याचं नाव देशाबाहेरचे सर्जनही घेतात, तेव्हा त्यासाठी फार दूर जायची गरज नाही. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा. एक विनंती, नळी जोडायचं पहिलं ऑपरेशन अनुभवी हातांत होऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जागा चिवट झालेली असते आणि यश कमी होतं.

बिघडण्याबद्दल बोलायचं तर ताठरतेचं नुकसान बहुतांशी अपघाताच्या क्षणीच झालेलं असतं, ऑपरेशनने त्यात क्वचितच भर पडते. तरीही ऑपरेशनच्या आधी ताठरतेची स्थिती कागदावर नोंदवून घ्या. नंतर दोष कुणाचा यावरून वाद होत नाहीत.

पोटात नळी असताना जवळीक करता येते का, असंही बरेच जण आडून विचारतात. येते. पिशवी रिकामी करून नळी पोटावर टेपने चिकटवायची.

१२. इम्प्लांट म्हणजे काय? लगेच केलं तर काय बिघडतं?

लिंगातल्या दोन नळकांड्यांत दोन सळ्या कायमच्या बसवतात. एक प्रकार वाकवता येणाऱ्या सळ्यांचा. हवं तेव्हा सरळ करायच्या, नको तेव्हा खाली वाकवायच्या. दुसरा फुगवायचा. अंडकोशात छोटा पंप, पोटात पाण्याची पिशवी. फुगवायचा प्रकार १९७३ मध्ये आला. तो दिसायला आणि वागायला नैसर्गिक, पण लाखांच्या घरात जातो. वाकवायच्या प्रकारात मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांनी तयार केलेलं भारतीय इम्प्लांट आहे, ते परदेशी मालाच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतं. शेतमजुरी करणाऱ्याला मी बहुधा वाकवायचंच सुचवतो, त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं.

लगेच का नाही? सळी बसवताना आतला स्पंजासारखा भाग चेपला जातो. पुढे नस सावरली तरी नैसर्गिक ताठरता परत येत नाही. म्हणून दीड-दोन वर्षं आणि बाकी उपाय करून झाल्यावरच. जंतुसंसर्ग झाला तर सगळं काढावं लागतं, त्यामुळे मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात हवी.

पेल्व्हिस मोडलेल्यांत आणखी एक मेख आहे. पुढच्या हाडामागची जागा प्लेटा आणि व्रणांनी भरलेली असते. पाण्याची पिशवी तिथे ढकलताना मूत्राशयाला इजा होऊ शकते. अशा वेळी पिशवी पोटाच्या स्नायूंच्या थरात ठेवतात. सर्जनला विचारा, 'पिशवी कुठे ठेवणार?' उत्तर देताना तो तुमच्या सीटी स्कॅनकडे वळला तर माणूस बरोबर निवडलात.

स्पर्श आणि सुखाची भावना इम्प्लांटने जात नाही. गेलेली परतही येत नाही. लांबी वाढत नाही, उलट जरा कमी वाटू शकते.

१३. मी २४ वर्षांचा आहे. रक्तवाहिनी जोडून मुळातूनच बरं करता येत नाही का?

निवडक तरुणांत येतं. पोटाच्या भिंतीतली एक धमनी खाली वळवून लिंगाच्या धमनीला जोडतात. १९७० च्या दशकात प्राग शहरात ही सुरुवात झाली. अटी बऱ्याच आहेत: वय कमी, तंबाखू-सिगारेट नाही, मधुमेह नाही, मारामुळे एकाच ठिकाणी धमनी बंद पडलेली, आणि नस व व्हॉल्व्ह ठीक. म्हणजे फक्त पाइप चेपलेला. हे अँजिओग्राफीशिवाय ठरत नाही. अटींत बसणारे थोडे आणि हे काम नेहमी करणारे सर्जन त्याहून थोडे. पण तुम्ही खरंच बसत असाल तर इम्प्लांटआधी याचा विचार व्हायला हवा, कारण यात स्वतःची ताठरता परत यायची शक्यता असते. मिश्रीपासून गुटख्यापर्यंत सगळी तंबाखू मात्र आजच सोडावी लागेल.

१४. मूल होईल का?

ताठरता, इच्छा, सुखाचा क्षण, वीर्य बाहेर येणं आणि वीर्यात शुक्राणू असणं या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. एक गेली म्हणून बाकीच्या जात नाहीत. वृषण ओटीपोटाच्या बाहेर असतात आणि पेल्व्हिसच्या मारात बहुधा वाचतात.

वीर्य बाहेर येत असेल तर तपासून घ्या. सुखाचा क्षण येतो पण बाहेर काहीच येत नाही आणि नंतरची लघवी गढूळ दिसते, तर मूत्राशयाचं तोंड नीट मिटत नसल्याने वीर्य मागे जातं. त्या लघवीतूनही शुक्राणू वेगळे करता येतात. तेही जमलं नाही तर वृषणातून सुईने शुक्राणू काढून टेस्ट ट्यूब बेबीच्या पद्धतीने गर्भधारणा होऊ शकते. सासूबाईंना 'वैद्यकीय उपचार चालू आहेत' एवढंच सांगितलं तरी पुरे.

१५. लग्न ठरायचं आहे. मुलीकडच्यांना सांगायचं का?

मुलीकडच्यांना नाही, मुलीला. कांदेपोह्यांच्या वेळी नाही, पण होकार पक्का होण्याआधी, निवांत भेटून. 'अपघातात मार बसला होता, अजून उपचार चालू आहेत, डॉक्टरांनी हे-हे सांगितलं आहे.' शक्य असेल तर तिला घेऊन डॉक्टरांकडे या. मी अशा भेटी घेतल्या आहेत, मुली आपण समजतो त्यापेक्षा खूप शांतपणे ऐकतात. काही नाही म्हणतात. तो त्यांचा हक्क आहे.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार नवऱ्याच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध झालाच नसेल, किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीने संमती घेतली असेल, तर पत्नी विवाह रद्द करून मागू शकते. 'लग्न केलं की आपोआप होईल सगळं' म्हणणाऱ्या काकांना कोर्टात उभं राहावं लागत नाही.

१६. नवरा सहा महिने जवळच येत नाही. मी काही बोलले की चिडतो. मी काय करू?

हा प्रश्न मला बायकांकडून येतो, आणि जवळजवळ याच शब्दांत. तो तुमच्यापासून नाही, परीक्षेपासून पळतो आहे. मिठी मारली की पुढे जावं लागेल, पुढे गेलं की जमणार नाही, म्हणून मिठीच नको, असा त्याचा हिशेब असतो. तुम्हाला वाटतं त्याला मी नकोशी झाले. दोघंही पलंगाच्या दोन कडांना.

ज्यांनी अपघातानंतर नवऱ्याचं सगळं केलं, पॉट दिला, पिशवी बदलली, अंग पुसलं, त्यांच्यात आणखी एक गुंता असतो. परिचारिका आणि बायको या दोन भूमिका एकमेकींत अडकतात. शक्य असेल तिथे ड्रेसिंग आणि नळीची कामं भावाला, दिराला किंवा त्याला स्वतःला करू द्या.

आम्ही सांगतो तो उपाय साधा आहे. काही आठवडे संबंध ठेवायचाच नाही, असं दोघांनी ठरवायचं. फक्त जवळ झोपणं, हात फिरवणं, डोक्याला तेल लावणं. नापास व्हायची भीती गेली की स्पर्श परत येतो. त्याच्यामागे ताठरता येईलच असं नाही, पण उपचार सुरू करायला दोघं एकत्र येतात. पुढच्या भेटीला तुम्हीही आत या, बाहेरच्या बाकावर बसू नका.

१७. तेल, शिलाजित, 'गुप्तरोग' वाले वैद्य, शॉकवेव्ह, प्लाझ्मा... यातलं काय घ्यावं?

तुटलेल्या नसेवर तेल चोळून वीज येत नाही. भिंतीवर आणि लोकलच्या डब्यात ज्या जाहिराती दिसतात तशा जाहिरातींवर १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याने बंदीच आहे. तरी त्या आहेत, हा आपल्याकडचा कारभार. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या अशा पुड्यांमध्ये गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. डोस माहीत नाही आणि तुम्ही सॉर्बिट्रेट घेता हे पुडीला माहीत नाही. प्रश्न ७ मधला धोका इथे जास्त आहे.

शॉकवेव्हचा काहीसा उपयोग रक्तपुरवठ्याच्या सौम्य तक्रारींत दिसला आहे, पेल्व्हिसच्या मारासाठी तो सिद्ध झालेला नाही. प्लाझ्मा आणि स्टेम सेल अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहेत. प्रयोगात सहभागी होणाऱ्याकडून लाखभर रुपये घेत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

१८. हाड भरलं, पण संबंधाच्या वेळी जांघेत कळ येते. कधीपासून चालतं?

हाडाच्या डॉक्टरांनी पूर्ण वजन टाकायला परवानगी दिली की, म्हणजे बऱ्याच जणांना तीनेक महिन्यांनी. सुरुवातीला तुम्ही पाठीवर झोपा, भार जोडीदाराकडे. कुशीवरही बरं पडतं. कळ तशीच राहिली तर प्लेट किंवा स्क्रू टोचतो का ते दाखवून घ्या.

१९. माझं उलटंच आहे. सळईवर जांघ आपटल्यापासून अर्धवट ताठरता जातच नाही. दुखत मात्र नाही.

दुखत नाही ही यातली खूण. मारामुळे आतली धमनी फाटून रक्त थेट नळकांड्यात वाहत राहतं. पाइप फुटून शेतात पाणी साचावं तसं. मार लागल्यानंतर काही तासांनी, कधी काही दिवसांनीही हे सुरू होतं. ताजं रक्त खेळतं असल्याने मांस लगेच मरत नाही, म्हणून प्रश्न ९ मधल्यासारखी तासांची घाई नसते, पण दाखवायला याच आठवड्यात जा. डॉप्लरवर फाटलेली जागा दिसते. काही वेळा ती आपोआप मिटते, नाहीतर मांडीतून बारीक नळी घालून ती धमनी आतून बंद करतात.

दुखत असेल आणि लिंग दगडासारखं कडक असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. तेव्हा आत्ता, याच क्षणी निघा.

२०. पेल्व्हिस मोडलंच नव्हतं. मांडीच्या हाडात रॉड टाकला, आणि शुद्धीवर आल्यापासून लिंग बधिर आहे.

रॉड टाकताना पाय ताणून धरतात आणि शरीर सरकू नये म्हणून जांघांच्या मध्ये एक गादीचा खांब लावतात. त्याच्या दाबाने तिथली नस काही काळ बधिर होऊ शकते. बहुतेकांचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परत येतं. तोवर ताठरताही कमी वाटू शकते. डॉक्टरांना सांगून नोंद करून ठेवा. तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर प्रश्न ६ पासून सुरुवात करा.

२१. मणक्यालाही मार आहे. तेच उपचार चालतात का?

बरेचसे. कंबरेच्या वर मणका दुखावला असेल तर स्पर्शाने आपोआप येणारी ताठरता टिकून असू शकते, आणि अशांना गोळी चांगली लागू पडते. मणक्याचा अगदी खालचा भाग दुखावला असेल तर तीही जाते आणि इंजेक्शनकडे वळावं लागतं, फार कमी डोसात.

२२. अपघाताच्या दाव्यात हे मागता येतं का? कोर्टात सगळ्यांसमोर बोलावं लागेल?

मागता येतं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर वेदना, आयुष्यातल्या सुखांना मुकणं आणि लग्नाची शक्यता कमी होणं या बाबींखाली भरपाई मागण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे. कागद मात्र वेळेवरचे हवेत. अपघातानंतर चौथ्या वर्षी पहिल्यांदा 'ताठरता नाही' असं लिहिलेली चिठ्ठी कुणी धरत नाही. म्हणून पहिल्याच ओपीडीत तक्रार नोंदवा, डॉप्लरचा रिपोर्ट जपा आणि दाव्याच्या मुदतीचं वकिलांना लगेच विचारा. वैद्यकीय पुरावा मुख्यतः कागदपत्रं आणि डॉक्टरांच्या साक्षीतून येतो. बंद दालनात सुनावणीची विनंतीही वकील करू शकतात.

२३. पुन्हा सायकल, बुलेट चालवू का?

हाडाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर चालवा. सायकलची लांब नाकाची, टणक सीट मात्र बदला. रुंद, मध्ये खाच असलेली घ्या आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी पेडलवर उभे राहा. चालवून उतरल्यावर जांघेत मुंग्या आल्या तर सीटची उंची चुकली आहे. बुलेटच्या रुंद सीटने नसांना फारसा धोका नाही, खड्ड्यांनी पाठीला आहे.